हृद्रोग्याची खाट आणि वाट

सिल्वासा येथील शासकीय रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे नाव दिलेले आहे. 1951 साली पोचमपल्लीत भूदानाचा उगम झाला, आणि तेव्हापासून सुमारे तेरा वर्षे विनोबा पायी हिंडत राहिले. ज्या वास्तूत माणसे खाटेवर निजून राहतात, त्या वास्तूवर एका अखंड चालणाऱ्या पुरुषाचे नाव असावे, हा केवळ योगायोग होय. परंतु या योगायोगात हृद्रोगाच्या उपचाराचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. खाट की वाट, विश्रांती की चालणे, हाच त्या इतिहासातील मुख्य वाद. त्या वादाचा निकाल कसा लागला आणि तो आपल्या घरापर्यंत पोहोचला आहे किंवा नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे.

श्रोतेहो, नगर हवेलीचा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला, आणि 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या मुक्तिसंग्रामात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी महाराष्ट्रातील माणसे जिवावर उदार होऊन उतरली होती, हे मराठी वाचकांना ठाऊकच आहे. नेमक्या त्याच सुमारास, म्हणजे 1952 ते 1955 या चार वर्षांत, जगातील आणखी एक बंदिवान मुक्त होऊ लागला होता. तो म्हणजे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रोगी. त्याचा तुरुंग म्हणजे त्याची खाट, आणि त्याचे पहारेकरी म्हणजे त्याच्यावर जीव टाकणारे डॉक्टर व आप्तस्वकीय.

हा तुरुंग प्राचीन नव्हे. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने 1768 साली लंडनच्या वैद्यमंडळापुढे एका छातीच्या दुखण्याचे वर्णन वाचले, आणि 1772 साली ते छापून प्रसिद्ध झाले. माणूस चालत असतो, विशेषतः जेवणानंतर चढ चढत असतो. छातीत अशी कळ येते की आता प्राण जातो. तो थांबतो, आणि कळही थांबते. या विकाराला त्याने दिलेले ‘अँजायना’ हे नाव आजही प्रचारात आहे. हेबर्डनपाशी त्यावर औषध जवळजवळ नव्हतेच. परंतु त्याने आपल्या लिखाणात एका रोग्याची नोंद करून ठेवली. हा गृहस्थ नेमाने रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापीत असे, आणि तो जवळजवळ बरा झाला. ज्या श्रमाने कळ उठते, तोच श्रम मोजून आणि नेमाने केल्यास कळ शमवितो, हे कोडे त्या एका वाक्यात पडलेले होते. ते सुटण्यास पुढे दोनशे वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकात या कोड्याला हात घालणारे काही निघाले. डब्लिनच्या विल्यम स्टोक्सने 1854 सालच्या आपल्या ग्रंथात हृदय दुबळे झालेल्यांना प्रथम सपाटीवर आणि मग हळूहळू चढावर चालण्याचा सल्ला दिला. जर्मनीतील म्यूनिकच्या एर्टेल या वैद्याने 1880 नंतरच्या दशकात तर डोंगराच्या पायवाटाच चढाच्या मानाने वर्गवार आखून दिल्या. परंतु ही सारी अनुभवाची गोष्ट होती. हृदयात नेमके काय बिघडते, हेच अद्याप कळलेले नव्हते.

ते कळले आणि दिशा उलट फिरली. 1912 साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी दाखवून दिले की, हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी धमनी एकाएकी गुठळीने बंद पडली, तरी माणूस तत्क्षणी मरतोच असे नाही. तो जगू शकतो, आणि जिवंतपणी या रोगाचे निदान करता येते. हा शोध मोठाच होता. हेरिक यांनी अशा रोग्यास काही दिवस संपूर्ण विश्रांती सांगितली. पुढे 1939 साली बोस्टनमधील मॅलरी, व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्याने शवचिकित्सेतून असे दाखविले की, रक्तावाचून मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार होण्यास पाच-सहा आठवडे, आणि इजा मोठी असल्यास त्याहूनही अधिक काळ लागतो. यातून जो तर्क निघाला तो वरवर बिनतोड होता. जखम ओली आहे तोवर हृदयाला ताण दिला तर ती भिंत फुगेल, कदाचित फुटेल. सबब रोग्याने निजून राहावे.

पाहता पाहता ‘काही दिवसां’चे सहा आठवडे झाले. रोग्याला भरविण्यासाठी, कूस बदलण्यासाठी, दाढी करण्यासाठी दुसरे माणूस लागे. घरी आल्यावर जिना बंद, बाजार बंद, देवदर्शन बंद. पुष्कळांची नोकरीही बंद. संसाराच्या ऐन मध्यावर कर्ता पुरुष कोपऱ्यात बसविला जाई, आणि घरातली मुले दबक्या पावलांनी वावरत. निजून निजून पायांच्या शिरांत रक्त साकळे, त्याची गुठळी फुप्फुसात जाऊन काहींचा प्राण जाई. बाकीचे जगत, परंतु इतके क्षीण होत की चार पावले टाकताच धाप लागे. ही धाप पाहून डॉक्टर आणि घरचे म्हणत, ‘पाहा, हृदय किती दुबळे झाले आहे!’ आणि आणखी विश्रांती सांगत. यातले दुबळेपण हृदयाचे किती आणि खाटेचे किती, हा प्रश्न कोणी विचारीत नसे.

तो प्रश्न 1952 साली बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी विचारला. त्यांनी 81 रोग्यांना झटक्यानंतर लवकरच खाटेवरून उचलून आरामखुर्चीत बसविले, आणि दिवसाचा काही वेळ बसते ठेवले. त्यांचा विचार साधा होता. माणूस आडवा झाला की पायांतील रक्त हृदयाकडे अधिक येते आणि त्याचे काम उलट वाढते. बसला की ते हलके होते. तेव्हा ज्याला आपण विश्रांती म्हणतो, ती हृदयाची विश्रांती नव्हेच. हे रोगी खुर्चीत बसल्याने दगावले नाहीत. उलट त्यांना हुशारी वाटू लागली. खाटेपासून खुर्चीपर्यंतचे अंतर दोन हातांचे, पण ते कापण्यास वैद्यकाला चाळीस वर्षे लागली.

पुढल्याच वर्षी, 1953 साली, लंडनच्या जेरेमी मॉरिस यांनी आणखी एक पाऊल टाकले. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर एक चालक असे आणि एक वाहक. पगार सारखाच, वस्ती सारखीच, हवा तीच. फरक एवढाच की, चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देत दररोज शेकडो पायऱ्या चढे-उतरे. सुमारे 31,000 कामगारांची नोंद तपासता असे आढळले की, वाहकांना हृद्रोग कमी होतो, उशिरा होतो, आणि झाला तरी त्यात अकस्मात मृत्यू पुष्कळच कमी येतो. मॉरिस यांचा प्रामाणिकपणा असा की, चालक मंडळी नोकरीस लागतानाच अंगाने स्थूल असतात की काय, ही शंका त्यांनी स्वतःच काढली, आणि गणवेशांच्या मापांवरून ती तपासली. शंकेत तथ्य निघाले. तरी श्रमाचा वाटा उरलाच. 1937 पासून मुंबईच्या रस्त्यांवर दुमजली बसगाडी धावू लागली होती. तिच्या अरुंद जिन्यावरून टिकटिक करीत चढणारा वाहक मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिला. त्याच्या त्या जिन्यात आरोग्याचे एक रहस्य दडलेले आहे, हे मात्र लंडनहून कळावे लागले.

तिसरी घटना सर्व जगाने वर्तमानपत्रांतून वाचली. 24 सप्टेंबर 1955 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना डेन्व्हर येथे हृदयविकाराचा झटका आला. त्यांच्यासाठी बोलाविलेले डॉक्टर पॉल डडली व्हाइट हे 1939 च्या त्या शोधनिबंधाचेच एक लेखक. परंतु आता तेच व्हाइट चालण्याचे आणि सायकलचे मोठे पुरस्कर्ते झाले होते. अध्यक्षांना त्यांनी क्रमाक्रमाने हालचालीकडे आणि मग कामाकडे परत आणले. 1956 च्या नोव्हेंबरात आयसेनहॉवर पुन्हा निवडून आले, आणि झटका आलेला माणूस राष्ट्राचा कारभार हाकू शकतो हे सामान्य माणसाने प्रत्यक्ष पाहिले.

आता उरला होता खाटेचा हिशेब. तो 1966 साली डलास येथे मांडला गेला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे खाटेवर निजवून ठेवले. उठल्यावर पाहतात तो, परमावधीच्या श्रमात शरीर जितका प्राणवायू वापरू शकते ती क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटलेली! मग दोन महिने व्यायाम देताच ती भरून आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांची जेवढी हानी केली त्याहून तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या खाटेने अधिक केली होती, असे दिसले. जे निरोगी तरुणाचे, तेच रोगी प्रौढाचे का होणार नाही?

येथे त्या व्यायामाचे स्वरूप सांगितले पाहिजे. शरीराच्या मोठ्या स्नायूंना लयीत आणि सलग काही वेळ काम देणारा, श्वासातून येणाऱ्या प्राणवायूवर चालणारा जो व्यायाम, त्यास एरोबिक व्यायाम म्हणतात. झपझप चालणे, सायकल, पोहणे हे त्याचे प्रकार. एका दमात ओझे उचलणे हा त्याचा प्रकार नव्हे. 1968 साली केनेथ कूपर यांच्या पुस्तकाने हा शब्द जगभर नेला. 1964 सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने हृद्रोग्यांच्या पुनर्वसनाचा विचार मांडला होता, आणि 1973 साली टोरांटोचे डॉक्टर टेरेन्स कॅव्हना यांचे काही झटका येऊन गेलेले रोगी बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत धावले.

परंतु व्यायामाने हृदय खरोखरच सुधारते काय? या प्रश्नाचे उत्तर एकदम मिळाले नाही, आणि ज्या क्रमाने ते मिळाले तो क्रम उद्बोधक आहे. आरंभी दिसले ते असे की, लाभ हृदयाला होतो, पण तो हातापायांच्या मार्फत. सरावलेला स्नायू रक्तातून प्राणवायू अधिक काढून घेतो, म्हणून तेच काम करताना त्याला रक्त कमी लागते. मग हृदयाला कमी धावावे लागते. नाडी मंदावते, रक्तदाब कमी चढतो. समजा, विश्रांतीतील नाडी मिनिटाला 80 वरून 68 वर आली, तर दिवसाकाठी सतरा हजारांवर ठोके वाचले. शिवाय हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त भरते ते मुख्यत्वे दोन ठोक्यांमधील विसाव्यात. नाडी मंद झाली की तो विसावा लांबतो. पूर्वी ज्या जिन्यावर कळ येत असे तोच जिना आता बिनतक्रार चढता येतो. धमनी तेवढीच अरुंद असते, पण मागणी घटलेली असते. हेबर्डनच्या लाकूड कापणाऱ्या गृहस्थाचे कोडे येथे बरेचसे उलगडते.

1980 नंतरच्या दशकात सेंट लुइस येथील एहसानी प्रभृतींनी पुढची पायरी गाठली. निवडक रोग्यांना वर्षभर बराच कडक व्यायाम दिल्यावर हृदयाच्या डाव्या कप्प्याचे कामही सुधारल्याचे त्यांना आढळले. त्याच दशकाच्या अखेरीस उलट बाजूनेही एक इशारा आला: हृदयाच्या पुढच्या भागाला मोठी इजा झालेली असताना व्यायाम दिल्यास ती भिंत फुगते की काय? 1939 चे भय पुन्हा डोके वर काढीत होते. इटलीत 1990 नंतर झालेल्या प्रयोगांनी या भयाचे निरसन केले. ज्यांची भिंत फुगावयाची होती ती व्यायामाविनाही फुगत होती. आणि दुबळ्या हृदयाच्या रोग्यांत तर व्यायाम करणाऱ्यांचे हृदय न करणाऱ्यांपेक्षा बरे राहिले. 2007 साली नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे 27 वृद्ध रोग्यांवर प्रयोग झाला; त्यांपैकी एका गटाला चार-चार मिनिटांचे जोराचे चालणे आणि मध्ये हलके चालणे असा क्रम दिला, तेव्हा हृदयाची रक्त फेकण्याची शक्ती ठळकपणे वाढली. मात्र युरोपातील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या मोठ्या प्रयोगात, 2017 साली, हा जोराचा क्रम मध्यम व्यायामाहून सरस ठरला नाही. दुबळ्या हृदयाला चालणे मानवते. त्याला धापा टाकायला लावलेच पाहिजे असे नाही.

धमन्यांच्या आतल्या अस्तराची हकीकत त्याहून नवलाची आहे. रक्ताचा ओघ वाढला की निरोगी धमनी आपोआप रुंदावते; रोगट धमनीचे अस्तर हे विसरलेले असते. जर्मनीतील लाइपझिग येथील हॅम्ब्रेख्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली दाखविले की, अवघ्या चार आठवड्यांच्या व्यायामाने हे विसरलेले काम अस्तराला पुन्हा बऱ्याच अंशी येऊ लागते. त्यांनीच 2004 साली, प्रकृती स्थिर असलेल्या 101 रोग्यांपैकी निम्म्यांना धमनीत स्टेंट बसविला आणि निम्म्यांना रोज वीस मिनिटे सायकल दिली. वर्षअखेर नवे विघ्न न येता सुखरूप राहिलेले सायकलवाल्यांत शंभरांत 88 आणि स्टेंटवाल्यांत 70 निघाले. याचा अर्थ स्टेंट निरुपयोगी असा मुळीच नव्हे. ऐन झटक्यात बंद धमनी उघडणे हाच प्राण वाचविण्याचा उपाय होय. अर्थ इतकाच की, धमनी एका जागी उघडून भागत नाही; रोग सगळ्या धमन्यांत असतो, आणि व्यायाम सगळ्या धमन्यांपर्यंत पोहोचतो. 2021 साली 85 प्रयोगांतील 23,000 हून अधिक रोग्यांचा एकत्र हिशेब केला असता, व्यायामयुक्त पुनर्वसनाने हृद्रोगाने येणारे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटतात, असे दिसून आले.

या कथेत महाराष्ट्र नुसता श्रोता नव्हता. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनांचा शरीरावरील परिणाम उपकरणांनी मोजण्यास आरंभ केला. 1969 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी 47 रोग्यांवर शवासनाचा अभ्यास करून, त्याने वाढलेला रक्तदाब उतरण्यास मदत होते असे प्रसिद्ध केले. विश्रांतीलाही तिचे स्थान आहे, हे त्यातून दिसते. पण ती मोजून, जाणीवपूर्वक घेतलेली विश्रांती, सहा आठवड्यांची खाट नव्हे. आणि 1995 साली गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांना ऐन कर्तेपणी हृद्रोगाने गाठले, तेव्हा त्यांनी चालणे, आहार, योग व ध्यान यांनी आपले जीवन कसे पालटले त्याची हकीकत ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात लिहिली. व्यायामाचा जो धडा परदेशी निबंधांत होता, तो या पुस्तकाने मराठी घरांत आणला. 2020 साली भारतातील 24 रुग्णालयांतल्या जवळजवळ 4,000 रोग्यांवरील योगप्रयोगाचा निष्कर्ष आला. योगाने मृत्यू वा नवे झटके निश्चितपणे घटल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु माणसे आपल्या पूर्वीच्या कामाकडे अधिक चांगल्या रीतीने परतली.

आता पुन्हा सिल्वाशाकडे वळू. वारली, कोकणा, धोडिया या समाजांचा हा मुलूख. भातशेती, रान आणि तारप्याच्या सुरावर रात्र रात्र चालणारा नाच हे येथील जीवन. श्रम हा तेथे उपचार नव्हता, निरुपाय होता. तेव्हा त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. परंतु गेल्या काही दशकांत पिपरिया, मसाट, खडोली येथे कारखाने उभे राहिले, देशभरातून माणसे आली, आणि बसून करावयाची कामे वाढली. हृद्रोग आता केवळ मुंबईचा राहिलेला नाही. सोयीही आल्या. 2019 साली येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि 2023 च्या एप्रिलमध्ये त्याच्या नव्या इमारतीचे उद्‌घाटन झाले. धमनी उघडणारी यंत्रे पैशाने येतात. चालण्याला यंत्र लागत नाही. पण ते कोणीतरी लिहून द्यावे लागते, आणि कोणीतरी करू द्यावे लागते.

लिहून द्यावयाचे ते असे. झटक्यानंतर केव्हा आरंभ करावयाचा हे डॉक्टरांनी तपासून ठरवावे. मग प्रथम सपाटीवर पाच-दहा मिनिटे. दमणगंगेच्या काठचा सपाट रस्ता बरा, खानवेलकडील चढ नंतर. हळूहळू आठवड्यातील बहुतेक दिवस अर्धा तास. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, हे वेगाचे सोपे माप. आरंभ आणि शेवट संथ असावा. जेवणानंतर लगेच किंवा भर उन्हात चालू नये. छातीत कळ, घेरी, भलतीच धाप यांपैकी काही होताच थांबावे, आणि थांबूनही कळ गेली नाही तर तत्काळ रुग्णालय गाठावे. औषधे चालूच ठेवावयाची. चालणे त्यांचा सोबती आहे, वारसदार नव्हे.

आणि करू द्यावयाचे ते घरच्यांनी. आपल्याकडे माया दाखविण्याची रीतच अशी की, ‘तुम्ही उठू नका, आम्ही आहोत ना!’ घरातील स्त्रीला झटका आला तर उलट होते. ती दुसऱ्या दिवसापासून चुलीपाशी उभी राहते, आणि स्वतःसाठी म्हणून अर्धा तास घराबाहेर पडणे तिला कोणी सुचवीतच नाही. दोन्ही रीतींनी हानी होते. ज्यांनी रोग्याला खाटेवर जखडले ते डॉक्टर क्रूर नव्हते. ते काळजीच करीत होते. काळजी चुकीच्या जागी बसली म्हणजे ती कशी कैद होते, हे या इतिहासाने शिकविले आहे. शास्त्राने ती कैद 1952 सालीच उघडली. घराचे दार उघडून रोग्याच्या हाती त्याच्या चपला देणे, आणि पहिले काही दिवस त्याच्याबरोबर चालणे, हे काम मात्र शास्त्राचे नव्हे. ते तुमचे-आमचे आहे.